सहा वर्षांची अट

जालन्यात अलीकडे जुनी लिपी वाचता येणाऱ्या माणसाला बरे दिवस आले आहेत. २०२३ च्या सप्टेंबरात आमच्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीचे उपोषण गाजले, निजामी दप्तरातल्या नोंदी तपासण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि माळ्यावर पडलेली बासने घरोघर सुटू लागली. मोडी वाचणारा कोण, उर्दू वाचणारा कोण, अशी शोधाशोध सुरू झाली. माझे वडील वकील होते. त्यांचे सारे शिक्षण उर्दूतून झालेले. त्यांनी हौसेने मला ती लिपी शिकवली होती. जन्मभर इतिहास शिकवूनही जी विचारपूस माझ्या वाट्याला आली नव्हती ती या वयात आली. लोक पिशवीतून कागद काढतात, चहाला नको म्हणतात, आणि 'एवढं काय लिहिलंय ते सांगा' म्हणून पुढे सरकवतात.

असाच एक तरुण गेल्या उन्हाळ्यात आला. त्याला जातीच्या नोंदीशी कर्तव्य नव्हते. त्याच्याजवळ अभिलेख कक्षातून काढलेल्या पहाणी पत्रकाच्या नकला होत्या, आणि त्याचा आजा कोणती जमीन करीत होता एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते. मी चष्मा पुसून वाचू लागलो. फसली १३४६. शिकमीच्या रकान्यात त्याच्या आजाचे नाव. १३४७, तेच. १३४८, तेच. असे १३५६ पर्यंत. पुढे १३५७ ला नाव गळालेले, आणि त्या जागी दोन शब्द : खुदकाश्त. म्हणजे पट्टेदार स्वतःच जमीन कसू लागला. पट्टेदाराचे नाव वाचले आणि मी थांबलो. ते माझ्या आजोबांचे नाव होते. पोराला ते ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच तो माझ्याकडे आला होता.

त्या दिवशी मी त्याला जेवढे कागदावर होते तेवढे वाचून दाखवले. रात्री मात्र आजोबांची पेटी उघडली. त्या पेटीत काय निघाले ते पुढे सांगेन. आधी ते कागद ज्या कायद्याच्या पोटातून जन्मले त्याची हकीकत सांगितली पाहिजे. नाहीतर त्या कागदांना काही अर्थच राहत नाही.

कायदा विधिमंडळात होतो, असे आपण मुलांना शिकवतो. मीही पस्तीस वर्षे तसेच शिकवले. फार तर पुढे जाऊन आयोगांची नावे सांगितली : १८३४ साली मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली पहिला विधी आयोग बसला, त्यातून पुढे दंडविधान निघाले, स्वातंत्र्यानंतर १९५५ साली सेटलवाडांच्या अध्यक्षतेखाली नव्याने आयोग नेमला गेला, वगैरे. विद्वान मंडळी बसतात, जुना कायदा तपासतात, नवा सुचवतात. पुरावा, करार, मालमत्तेचे हस्तांतर यांचे कायदे अशाच शांत खोल्यांतून तयार झाले. परंतु शेतजमिनीच्या कायद्याची गोष्ट निराळी आहे. तो ज्यांच्यावर लागू व्हायचा ती माणसे आयोगाची वाट पाहत बसत नाहीत. कायदा येणार अशी कुणकुण लागताच ती कामाला लागतात. मग कायदा करणाऱ्याला आधी या हुशारीचा बंदोबस्त करावा लागतो. तो बंदोबस्त झाला की गाव नवी वाट काढते. कूळ कायद्याचा इतिहास मला या पाठशिवणीच्या खेळासारखा दिसतो. त्याची प्रत्येक दुरुस्ती म्हणजे मागच्या एखाद्या पळवाटेची कबुली आहे.

आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणीत होता. आणि १९४८ पर्यंत हे सारेच निजामाच्या राज्यात. जालना बाजारपेठेचे गाव. १९०० साली गोदावरी खोऱ्याची रेल्वे आल्यावर कापसाला उठाव मिळाला. 'जालना सोन्याचा पाळणा' ही म्हण इथली म्हातारी माणसे अजून म्हणतात. पाळण्यात कोण निजत होते, हे म्हण सांगत नाही. दिवाणी मुलखात जमिनीचा सारा भरणारा तो पट्टेदार. त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष नांगर धरणारा तो शिकमी, असामी शिकमी. बटईने करणारा निम्मे पीक खळ्यावर मोजून द्यायचा. लेखी करार क्वचित. धन्याच्या मर्जीवर जमीन राहायची, आणि अक्षय्यतृतीयेला धनी काय म्हणतो इकडे घराचे डोळे लागलेले असायचे.

ही स्थिती कोणाला दिसत नव्हती असे नाही. परंतु दिसणे वेगळे आणि मोजले जाणे वेगळे. हैदराबाद संस्थानात मोजणीला सुरुवात झाली ती १९२९-३० साली, केशव अय्यंगारांनी खेड्यांची आर्थिक पाहणी केली तेव्हा. पुढे १९३७ साली भरूचांचा शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावरचा अहवाल आला. मंदीच्या वर्षांत जमिनी कुळाकडून सावकाराकडे आणि सावकाराकडून पुन्हा त्याच माणसाकडे, आता बटईने, कशा आल्या हे अशा पाहण्यांमुळे सरकारच्या दप्तरात नमूद झाले. हे दोघे चळवळे नव्हते, सरकारी कामावर नेमलेली माणसे होती. पण आकडा एकदा छापला गेला की तो कोणाच्याही हाती जातो.

त्याच १९३७ साली आमच्या परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली भरले. आज या गोष्टीचे महत्त्व लक्षात येणे अवघड आहे. संस्थानात सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ प्रमाणे परवानगी लागे. राजकारण हा शब्द उच्चारण्याची सोय नव्हती. तिथे मराठी बोलणारी माणसे एका मांडवात जमली आणि 'आम्हाला काही मागायचे आहे' एवढे म्हणू लागली. पुढच्याच वर्षी स्टेट काँग्रेसचा लढा उभा राहिला. परतूरच्या मांडवात कुळांची संख्या किती असेल? फार नसावी. वकील, शिक्षक, बरे शेतकरी यांचीच ती परिषद. आमचे आजोबाही गेले होते असे घरात सांगत. तरीही मागण्याची सवय लागते ती अशीच, वरून खाली झिरपत.

१९४० च्या सुमारास सरकारने कुळांच्या प्रश्नावर समिती बसवली, आणि १३५४ फसलीत, म्हणजे १९४५ च्या आसपास, असामी शिकमी कायदा झाला. त्यात कुळाला संरक्षण देण्यासाठी एक कसोटी होती : सलग सहा वर्षे कसवणूक.

हे सहा कोठून आले? मला या आकड्याचे फार दिवस कुतूहल होते. बंगालमध्ये १८५९ च्या कायद्याने बारा वर्षांच्या वहिवाटीवर कुळाला हक्क दिला होता, आणि बारा हा आकडा आपल्याकडे तपासारखा रुळलेलाही होता. सहा सापडतो तो मुंबई इलाख्यात. १९३९ च्या मुंबई कूळ कायद्याने १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्याला संरक्षित कूळ म्हटले. तो कायदा बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाचा. पण त्याच्या मागे काय काय होते पाहा. डिसेंबर १९३६ चे फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन आणि तिथला शेतीविषयक कार्यक्रम. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात आणलेले खोती नष्ट करण्याचे विधेयक, आणि १९३८ च्या जानेवारीत मुंबईला निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा. आणि या सगळ्यांच्या आधीपासून चाललेला, अलिबागजवळच्या चरी गावचा १९३३ चा संप. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तिथल्या कुळांनी वर्षानुवर्षे खोतांची शेती केली नाही. जमिनी पडीक ठेवल्या, जंगलातला लाकूडफाटा विकून पोटे भरली, पण नांगर धरला नाही. खाडीकाठच्या त्या उपाशी वर्षांचा परिणाम म्हणून जो शब्द आणि जो आकडा मुंबईच्या कायद्यात बसला तोच पुढे घाट चढून गोदाकाठी आला. आमच्या गावातल्या कुणी चरीचे नाव ऐकले नसेल. कायदा करणारे मात्र शेजारचा मसुदा समोर ठेवूनच लिहितात. मसुदा जिथून येतो तिथली भांडणेही त्याबरोबर येतात.

असामी शिकमी कायदा कागदावरच राहिला. त्याचे एक फळ मात्र लगेच मिळाले : सहा वर्षे मोजली जाणार आहेत हे पट्टेदारांना कळले. एका शेतावर कूळ तीन हंगाम टिकला की त्याला दुसऱ्या शेतावर हलवायचे. पहाणीत त्याचे नाव लावू द्यायचे नाही. बटईदाराला सालगडी म्हणून लिहायचे. या युक्त्या कोणी छापून वाटल्या नव्हत्या, तरी त्या अंबडपासून जाफराबादपर्यंत सगळीकडे सारख्या. माझ्या मते खेड्यातला सगळ्यात कार्यक्षम विधी आयोग चावडीवरच बसत असे. त्याला मानधन नव्हते, अहवाल नव्हता, आणि त्याच्या शिफारशी त्याच दिवशी अंमलात येत.

मग १९४८ चा सप्टेंबर आला. पोलीस कारवाई झाली, निजामी गेली. तेलंगणात १९४६ पासून कुळे आणि शेतमजूर शस्त्रे घेऊन उभे होते. जमिनी वाटून घेतल्या जात होत्या. मराठवाड्यात तसे पेटले नव्हते, पण हैदराबादला राज्य करणाऱ्याला अख्खा नकाशा पाहावा लागतो. जनरल चौधरींचे लष्करी सरकार, ज्याला निवडणुकीची चिंता नव्हती, त्यानेच १५ ऑगस्ट १९४९ ला जहागिरी बरखास्तीचा नियम काढला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचा तो आग्रह होता. तेलंगणातल्या बंदुकांचा धाक होता. आणि दिल्लीची इच्छाही होती. सुमारे साडेसहा हजार खेडी जहागिरीतून बाहेर आली. त्याच वर्षी जुलैत कुमारप्पांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेसच्या कृषिसुधारणा समितीचा अहवाल बाहेर पडला, आणि त्यातही शिफारस होती ती हीच : जो सहा वर्षे सलग कसतो त्याला जमिनीवर पूर्ण हक्क मिळावा. हैदराबाद सरकारनेही स्वतःची अशी एक समिती बसवली. या साऱ्यातून १९५० चा एकविसावा कायदा, हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १० जून १९५० पासून लागू झाला. त्या वेळी निवडलेली विधानसभा अजून अस्तित्वात यायची होती. ही आमच्या विभागातली सर्वांत मोठी कायदेसुधारणा, आणि तिच्यावर कोणा लोकप्रतिनिधीने हात वर केला नव्हता, हे मुलांना कसे शिकवावे हे मला अजून उमगलेले नाही.

या कायद्याचे ३४ वे कलम मी पुष्कळदा वाचले आहे. संरक्षित कूळ कोण, हे ते ठरवते. सहा वर्षे सलग, हे खरे. पण ती सहा वर्षे कोणती? कलमाने तीन खिडक्या ठेवल्या. फसली १३४२ ते १३५२ या काळात पडणारी कोणतीही सलग सहा वर्षे. किंवा १ जानेवारी १९४८ च्या लगत आधीची सहा. किंवा फसली १३५३ च्या आरंभापासून, म्हणजे ६ ऑक्टोबर १९४३ पासून, पुढे कायदा येईपर्यंत पुरी झालेली सहा. एवढा घोळ कशासाठी, असे कोणालाही वाटेल. आज कसतो त्याला द्या म्हटले की काम भागले असते. पण मसुदा लिहिणाऱ्याला ठाऊक होते की 'आज' या शब्दावर विसंबण्यात अर्थ नाही, कारण आजचा दिवस पट्टेदारांनी आधीच साफ करून ठेवला आहे. म्हणून त्याने भूतकाळात तीन ठिकाणी सापळे लावले. एकातून निसटला तर दुसऱ्यात सापडावा. मला हे कलम कोरडे वाटत नाही. त्यात दहा वर्षांच्या लबाडीचा नकाशा काढलेला आहे.

माझ्यासमोरच्या पहाणीचेच पाहा. त्या तरुणाच्या आजाचे नाव १३५६ नंतर गळाले, म्हणजे १ जानेवारी १९४८ च्या लगतची सहा वर्षे तुटली. दुसरी खिडकी बंद. तिसरीही बंद. पण पहिली उघडी होती : १३४६ ते १३५२, सात वर्षे, एकच सर्व्हे नंबर. आजोबांनी त्याला हलवण्याचा विचार केला तेव्हा उशीर झालेला होता. कायद्याप्रमाणे तो निःसंशय संरक्षित कूळ होता.

आता पेटीकडे येतो. तळाशी, वडिलांच्या हस्ताक्षरातल्या काही दाव्यांच्या नोंदींखाली, एक स्टांपाचा कागद होता. राजीनामा. उर्दूत. तारीख १९५१ च्या उन्हाळ्यातली. अमुक नंबराची जमीन मी शिकमी म्हणून करीत होतो, ती आता माझ्याच्याने होत नाही, म्हणून राजीखुशीने पट्टेदाराच्या स्वाधीन करतो, पुढे माझा वा माझ्या वारसांचा हक्क नाही. खाली अंगठा. बाजूला दोन साक्षी, दोन्ही आमच्या भावकीतले.

राजीनाम्यातली गंमत वाचकांच्या ध्यानी आली असेल. पहाणी म्हणते हा माणूस १९४७ लाच जमिनीवरून गेला. मग १९५१ साली त्याने सोडले ते काय? एक कागद दुसऱ्याला खोटे पाडतो, आणि दोन्ही आमच्याच घरच्या सोयीने लिहिलेले. आजोबांची रोजकीर्द मी लहानपणी चाळत असे. त्यांचे अक्षर सुंदर. त्या तारखेचे पान काढून पाहिले. 'जवारी पोती दोन' आणि 'हाली रुपये चाळीस', नावे त्याच कुळाच्या. इतक्या वर्षांनी मला त्या चाळीस रुपयांची लाज वाटावी की आजोबांनी ते लिहून ठेवले याचे बरे वाटावे, हे मला सांगता येत नाही.

आजोबा दुष्ट नव्हते. परतूरच्या मांडवात जाऊन आलेला हा माणूस. रझाकारांच्या दिवसांत त्यांनी याच कुळाच्या घरची बायकामाणसे आमच्या वाड्यात ठेवून घेतली होती, आणि ही गोष्ट त्या तरुणालाही त्याच्या घरातून कळलेली होती. परंतु १९५० च्या पावसाळ्यात आमच्या ओसरीवर एक बैठक झाली, ती वडील सांगत. शहरातून एक वकील बोलावले होते. त्यांनी नवा कायदा कलमवार वाचला, आणि प्रत्येक कलमानंतर थांबून त्यावर काय करता येईल ते सांगितले. गावात कूळ कायदा पहिल्यांदा वाचला गेला तो असा : पट्टेदारांच्या ओसरीवर, पट्टेदारांच्या खर्चाने. ज्यांच्यासाठी तो होता त्यांना तो वर्षभराने कळला, तोही राजीनाम्याच्या रूपाने. राजीनामा कायदेशीर होण्यासाठी कुळाने तहसीलदारापुढे जाऊन कबूल करावे आणि तो खऱ्या इच्छेने दिलेला आहे अशी तहसीलदाराची खात्री पटावी, अशी योजना कायद्यात आहे. खात्री कशी पटते? समोर अंगठा उठवणारा माणूस 'हो जी' म्हणतो. त्याच्या मागे धनी उभा असतो. त्याच्या घरी बी-बियाणे धन्याकडूनच यायचे असते.

हे आमच्या एका घरात घडले असते तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. अली महंमद खुस्रो या उस्मानिया विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञाने हैदराबाद राज्यातील जहागिरी बरखास्ती आणि जमीनसुधारणा यांच्या परिणामांची पाहणी केली. तिचा ग्रंथ १९५८ साली निघाला. १९५१ साली संरक्षित ठरलेल्या दर शंभर कुळांचे तीन-चार वर्षांत काय झाले हे त्याने शोधले. सुमारे ४५ अजून कूळ म्हणून टिकून होते. १२ जणांनी जमीन विकत घेतली होती. कायद्याने बेदखल झाले ते दोन-तीन. बेकायदा हुसकले गेले ते सुमारे २२. आणि 'स्वखुशीने' जमीन सोडणारे होते १७ ते १८. मी ते पान पहिल्यांदा वाचले तेव्हा विद्यार्थी होतो. आकडे पाठ केले, परीक्षेत लिहिले, गुणही मिळाले. त्या सतरा-अठरांत आमच्या घरचे एक माणूस धरता येईल हे तेव्हा मनात आले नाही. अवतरणचिन्हांत घातलेला 'स्वखुशी' हा शब्द मला विद्वानांचा विनोद वाटला होता.

पाहणी छापून येण्याआधीच खेळाचा पुढचा डाव सुरू झाला होता. १९५२ च्या निवडणुकीनंतर बुरगुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. विरोधी बाकांवर तेलंगणातून निवडून आलेले व्ही. डी. देशपांडे होते, मराठवाड्यातून शेतकरी कामगार पक्षाचे उद्धवराव पाटील होते. आता सभागृह होते, प्रश्न विचारले जात होते, बेदखलीच्या तक्रारी पटलावर येत होत्या. १९५४ ची मोठी दुरुस्ती झाली. तिने कौटुंबिक धारणा ही कल्पना आणली : एका कुटुंबाला वर्षाकाठी ८०० रुपये निव्वळ उत्पन्न देईल एवढी जमीन. पट्टेदाराला स्वतः कसण्यासाठी कुळाकडून परत घेता येईल ती अशा तीन धारणांपर्यंत. आणि एकूण बाळगता येईल ती साडेचारपट. जमिनीला कमाल मर्यादा घालणारे हैदराबाद हे देशातल्या पहिल्या राज्यांपैकी एक. याच दुरुस्तीतून ३८-ई हे कलम आले : सरकारने अधिसूचना काढली की त्या भागातल्या संरक्षित कुळाकडे मालकी आपोआप जाईल, अर्ज करण्याचीही गरज नाही. अर्ज करायला लावले की काय होते हे चार वर्षांत दिसून चुकले होते. पाठोपाठ १९५५ च्या दुरुस्तीने ३७-अ आले, आणि सहा वर्षांची अट पार न करणारा, पण त्या दुरुस्तीच्या दिवशी जमिनीवर असणारा, असा कूळही संरक्षित ठरला. म्हणजे चरीपासून निघालेला सहाचा आकडा अखेर गळून पडला. तोवर ज्यांचे राजीनामे झाले होते त्यांना अर्थातच त्याचा उपयोग नव्हता.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि ३८-ई इकडे लागू झाले ते त्या राज्याच्या काळात. मग न्यायालये, मग दुरुस्त्या, मग १९६१ साली महाराष्ट्राला एक कायदा करावा लागला, ज्याच्या नावातच पुनरधिनियमन, विधिग्राह्यीकरण आणि आणखी सुधारणा असे तीन शब्द आहेत. विधिग्राह्य करावे लागते म्हणजे कोणीतरी अग्राह्य ठरवण्याच्या खटपटीत यशस्वी होत होते, एवढे साध्या वाचकालाही कळते. १९६४ साली सतराव्या घटनादुरुस्तीने तो नवव्या परिशिष्टात जाऊन बसला. पुढचे तपशील वकिलांसाठी सोडतो. त्यातला ताजा तपशील तेवढा सांगतो : ज्या कुळांना मालकी मिळाली त्यांना ती जमीन विकायची तर परवानगी लागे, २०१४ च्या दुरुस्तीने, मालकी मिळून दहा वर्षे झालेल्यांना साऱ्याच्या चाळीसपट नजराणा भरून ती अट सुटते. तालुक्याच्या कचेरीबाहेर 'अडोतीस ई' हे शब्द आजही ऐकू येतात. बोलणाऱ्यांपैकी पुष्कळांना त्याचा उगम ठाऊक नसतो.

एक गोष्ट या साऱ्या हकिकतीत बाहेरच राहते, आणि ती बाहेर ठेवून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. कूळ कायदा कुळाचा. ज्याच्याकडे बटईनेही जमीन नव्हती त्याला कोणत्याच खिडकीतून आत येता येत नव्हते. आमच्या घरच्या सालगड्यांचे नाव कोणत्याही फसलीच्या कोणत्याही रकान्यात नाही. ही माणसे बहुतेक महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली. त्यांनी समिती, अहवाल, दुरुस्ती या वाटेची वाट पाहिली नाही. १९५३ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या झेंड्याखाली मराठवाड्यात पडीक आणि गायरान जमिनींसाठी सत्याग्रह झाला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ ला पुन्हा आणि १९६४ ला देशभर झाला. जमिनीवर आधी नांगर, मग तुरुंग, मग अर्ज, असा तो क्रम. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय सरकारने १९९१ साली काढला. कायदा बदलणाऱ्यांच्या यादीत या नांगरांना कोठे बसवावे हे पाठ्यपुस्तकांना ठाऊक नाही.

तो तरुण पंधरा दिवसांनी पुन्हा आला. मी त्याला राजीनामा दाखवला. लपवावा असे एकदा मनात आले होते, हे कबूल करतो. त्याने तो कागद बराच वेळ हातात धरला. काही रागाचे बोलेल अशी माझी तयारी होती. त्याने विचारले, 'हा नंबर म्हणजे ओढ्याकडचा की विहिरीचा?' मी म्हटले, विहिरीचा. ती जमीन आता आमचीही नाही. १९७२ च्या दुष्काळात वडिलांनी विकली, आणि त्यानंतर ती दोनदा हात बदलून गेली. त्यालाही ते माहीत होते. दावा लावण्याजोगे काही राहिलेले नाही हे त्याला एका वकिलाने आधीच सांगितले होते. त्याला फक्त घरी ठेवायला कागद हवा होता, पण उर्दू त्याच्या घरात कोणाला येत नाही. तेव्हा मराठीत उतरवून द्याल का, असे त्याने विचारले.

मी दुसऱ्या दिवशी बसून तो उतरवला. पहाणीची अकरा वर्षे एका तक्त्यात मांडली. मग राजीनामा. नंबर, चतुःसीमा, तारीख, साक्षीदारांची नावे, आमची भावकी असली तरी. 'राजीखुशीने' या शब्दापाशी लेखणी थांबली. तिथे काही खूण करावी, कंसात काही लिहावे, असे वाटले. पण मी नक्कल करीत होतो, आणि मूळ कागदात तो शब्द होता. तो होता तसा लिहिला. खाली रोजकीर्दीतल्या त्या दोन ओळी, जवारीची आणि चाळीस रुपयांची, तारखेसह वेगळ्या उतरवून दिल्या.

त्याने नक्कल घडी करून खिशात ठेवली आणि मूळ कागद माझ्याकडेच राहू द्या म्हणाला. त्याच्या घरी पावसाळ्यात गळते.